गोणपाट बांधलेले बूट

सामानाची यादी दिग्दर्शिका बाईंनी बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी या नाट्यगृहाचा सुतार. सोळा वर्षं इथले जिने, दरवाजे, खोट्या भिंती मीच ठोकतो आणि प्रयोग संपले की मीच उचकटतो. यादीत नेहमीसारखंच होतं. भट्टीचं तोंड एक. फावडी दोन. मागचं बुटकं दार एक, कडी आतून. शेवटची ओळ होती, गोणपाट बांधलेले बूट, एक जोड.

मनात पाल चुकचुकली वगैरे लोक म्हणतात. मी यादी पालथी घालून वर हातोडा ठेवला.

गोणपाट बांधलेले बूट मी एकदाच पाहिलेत. नऊ वर्षांचा होतो. दुपारची वेळ होती, बाबा उंबऱ्याशी बसून बुटांवर गोणपाट गुंडाळत होते आणि सुतळीनं करकचून आवळत होते. आई दाराला पाठ लावून उभी होती. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिनं मला दंडाला धरून आत ओढलं. त्यानंतर या विषयावर आमच्या घरात एक अक्षर निघालं नाही. आई तर जाताना सोबतच घेऊन गेली. म्हणजे जगात हे ठाऊक असलेली माणसं उरली तीन. बाबा, ताई आणि मी.

आता त्या गोणपाटात एवढं काय, ते सांगतो. या शहरात काचेचा कारखाना होता. काचेची भट्टी एकदा पेटवली की विझू द्यायची नसते. आतली काच थिजली की विटा तडकतात आणि भट्टी कायमची जाते. एकतीस वर्षांपूर्वी संप झाला तेव्हा कामगारांचं सगळं बळ त्या एका गोष्टीत होतं. आठ दिवस कोळसा पडला नाही की मालक गुडघे टेकणार. आठ गेले, पंधरा गेले, धुराडं धूर सोडतच राहिलं. कुणीतरी आत जात होतं, आणि त्याच दिवसांत बाबा बुटांवर गोणपाट गुंडाळत होते. चव्वेचाळिसाव्या दिवशी संप मोडला, निम्मी माणसं कामावरून गेली. तेव्हापासून या शहरात एकच प्रश्न आहे. भट्टी कुणी जिवंत ठेवली?

लोकांनी उत्तर काढलंही. कारखान्यात हजेरी मांडणारा एक कारकून होता, त्याला सगळे हजेरीबाबू म्हणायचे. तो मागच्या दाराशी मांजरांना दूध घालायला जायचा. झालं. त्याच्या खिडक्या फोडल्या, पोरीला शाळेतून हाकललं, महिनाभरात तो माणूस बायकामुलीसकट शहर सोडून गेला. बाबा तेव्हा आमच्या ओसरीवर बसून सगळं बघत होते. मूग गिळून.

कारखाना पुढं सहा वर्षांनी तसाही बंद पडला. त्याचं पॅकिंग खातं म्हणजेच आमचं हे नाट्यगृह. इथे दर दोन वर्षांनी शहराचं नाटक होतं. लोकांनी मागच्या छोट्या खोलीत यायचं, रेकॉर्डरसमोर बसून आपली हकिगत सांगायची, नाव कुठे लिहिलं जात नाही. त्यातून संहिता तयार होते आणि पानवाला, नर्स, ड्रायव्हर हेच लोक त्यात कामं करतात. बाहेरून पाहुणे येतात, माना डोलावतात, लोकांची कला म्हणून भाषणं ठोकतात. यंदाचा विषय संप.

दिग्दर्शिका बाई सहा महिन्यांपूर्वी बाहेरून आलेल्या. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"बाई, हे बूट कुणाच्या डोक्यातून निघाले?"

"डोक्यातून नाही, हकिगतीतून."

"कुणाच्या?"

"ते मी सांगत नाही, तुम्हाला माहितीये. तुमचं काही असेल तर रविवारी उठा."

"माझं आहे असं कुठे म्हटलं मी?"

"मग मापाचं विचारा ना. नऊ नंबर चालेल?"

बाबांचा नंबर नऊच. बाई माझ्याकडे बघत होत्या की माझ्या मागच्या फळीकडे, ते मला कळलं नाही. शहरात मुरलेली बाई असती तर तोंडावरून ओळखलं असतं. हिच्या तोंडावर काही लिहिलेलंच नसतं.

रविवारी उठा म्हणजे काय, तेही ऐका. प्रयोगाच्या दोन आठवडे आधी इथे वाचन होतं. दिवे चालू, दारं उघडी, कुणीही या. संहिता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. एखादी गोष्ट आपली आहे आणि ती दाखवू नये असं ज्याला वाटेल त्यानं उभं राहून म्हणायचं, "हे माझं, काढा." कुणी कारण विचारायचं नाही. तिथल्या तिथे ते पान फुलीनं कापलं जातं आणि पुन्हा कधी घेतलं जात नाही. या नियमाचं फार कौतुक होतं. मला मात्र तो नेहमी सापळा वाटत आलाय. गुपित वाचवायचं असेल तर चारशे माणसांत उभं राहून सांगायचं, की बघा, हे गुपित माझं. वा रे न्याय.

त्या दिवशी करवत मी खुंटीलाच ठेवली. दुपारी ताईला गाठलं. ती शाळेच्या ऑफिसात कारकून आहे आणि या नाटकात संपवाल्याच्या बायकोचं काम करते. म्हणजे संहिता तिच्या पिशवीत होती.

"तू सांगितलंस का?" मी म्हटलं.

तिनं पिशवी मांडीवर घेतली. "मी? मला वाटलं तू."

"मी कशाला सांगू? दिवसभर माझ्या तोंडात खिळे असतात."

"खिळे संध्याकाळी काढतोस ना. त्या पडदे ओढणाऱ्यांबरोबर बसतोस तेव्हा."

"ताई, सरळ बोल. पान तुझ्या हातात कधी आलं?"

"सोमवारी."

"सोमवारी. आज बुधवार. दोन दिवस गप्प बसलीस."

"तू काय करतोस ते बघत होते," ताई म्हणाली. "तू आला नाहीस, तेव्हा म्हटलं, झालं, हाच."

भाऊबहिणीचं असं झालं. एका ताटात जेवलेलो आम्ही, आणि एकमेकांचे डोळे तपासत बसलो होतो. मी तिच्या नवऱ्यावर घेतलं, तिनं माझ्या बायकोवर. बाबांना विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. आमच्या घरात बाबांना काही विचारायची पद्धतच नव्हती.

"बाबांना रविवारी घरीच ठेवू," मी म्हटलं.

"ते यायचं म्हणतायत. शर्ट इस्त्रीला दिलाय."

"का?"

"मला काय माहीत का? तू विचार."

मग मी एकेकाला चाचपत सुटलो. पहिली गाठली ती कुजबूज, हे तिचं पडलेलं नाव. आमची प्रॉम्प्टर. वीस वर्षं विंगेत बसून लोकांच्या कानात वाक्यं सोडून तिचा आवाज कायमचा खाली गेलाय. सुनेशी भांडते तेव्हाही सुनेला पुढे वाकून ऐकावं लागतं. हकिगती कागदावर उतरवून घेते तीच.

"मावशी, मागच्या खोलीत कोण कोण आलं होतं?"

"सगळे," ती कुजबुजली.

"सगळे म्हणजे?"

"ज्यांना यायचं होतं ते."

"गोणपाट कुणी सांगितला?"

तिनं चष्मा काढला, पुसला, घातला. "तू त्या दाराला बिजागऱ्या तीन लाव. दोनावर ते कुरकुरतं." म्हणजे पाणी मुरत होतं आणि हिला कुठे ते पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी चौकातल्या बाकावर घोषणाकाका भेटले. संपात सगळ्या घोषणा यांच्या, म्हणून नाव घोषणा. बहात्तरीला आले तरी आवाज अजून तसाच. बाबा आणि ते रोज याच बाकावर बसतात.

"सुतारा, ऐकलं ते खरं का?" ते म्हणाले. "भट्टीवाल्या गद्दाराचा प्रवेश आहे म्हणे."

"मला काय ठाऊक. मी फळ्या ठोकतो."

"असू दे. रविवारी पुढच्या रांगेत बसतो. बघू कोण चुळबुळतो. हजेरीबाबूचा कुणी भाऊबंद आला तर इथेच सोलतो त्याला."

बाबा शेजारी बसून काठीनं मातीत रेघा ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला दिसलं ते एवढंच, की एकतीस वर्षं याच माणसाच्या खांद्याला खांदा लावून माझा बाप बसलाय, आणि रविवारनंतर हा बाक त्याचा राहणार नाही. या वयात माणसाचा एक बाक जातो म्हणजे सगळंच जातं. तिथेच मी ठरवलं. रविवारी मी उठणार.

डाव असा होता. भट्टीचा प्रवेश सुरू झाला रे झाला, गोणपाट यायच्या आत उठायचं आणि म्हणायचं, हे माझं, काढा. पुढे काय होतं ते कुणाला कळणारच नाही. लोक म्हणतील सुताराचं काहीतरी असेल, बायकोचं, भावकीचं. म्हणू देत. कारण विचारायचं नाही हा नियम आहे ना, मग चाटा तो नियम.

रविवारी दहाला वाचन सुरू झालं. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. बाबा ताईनं आणलेल्या खुर्चीवर, तिसऱ्या रांगेत, दाढी गुळगुळीत, शर्टाची कॉलर ताठ. त्यांच्या पुढच्याच रांगेत घोषणाकाका. मी बाजूच्या भिंतीला टेकून होतो. तिथून सगळे दिसत होते आणि सगळ्यांवर माझा संशय होता. पानवाला खोकला, मला वाटलं खूण केली. ताईनं पान उलटताना बोट ओलं केलं, मला वाटलं घाबरली. दिग्दर्शिका बाई हातावर हात घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, बघा कशी मांजरीसारखी बसलीय, उंदीर बाहेर यायची वाट बघत.

तासाभरानं पहिलं पान गेलं. एक म्हातारी उठली, "माझं हो, काढा," म्हणाली. संपात तिनं शेजारणीचं पातेलं पळवलं होतं. लोक हसले नाहीत. कुजबुजीनं फुली मारली.

मग मधलाच एक छोटासा प्रवेश आला. भट्टीच्या प्रवेशाआधी संपातल्या घोषणांचा प्रवेश येणार होता. यादीवरून मी तसं धरून चाललो होतो. बाईंनी क्रम बदललेला. मी बेसावध असताना कुजबूज वाचायला लागली. तिचा आवाज एवढा बारीक की चारशे माणसं श्वास धरून पुढे झुकली.

"दुपार. तो उंबऱ्याशी बसतो. बुटांवर गोणपाट गुंडाळतो. सुतळीची गाठ मारतो. बायको बघते, बोलत नाही."

मी भिंतीपासून सुटलो. "हे माझं," मी म्हटलं, "काढा."

पण मी म्हटलेलं मलाच नीट ऐकू आलं नाही, कारण खुर्च्या वाजल्या होत्या. एक नाही. डाव्या बाजूला जुना फिटर उभा होता, तोंड पांढरंफटक. मागे, भिंतीशी, कोळसा वाहणाऱ्याची विधवा हात वर करून उभी होती. आणि दुसऱ्या रांगेत, बाबांच्या नाकासमोर, घोषणाकाका उभे होते. आम्हा चौघांच्याही तोंडातून तेच शब्द अर्धेमुर्धे निघाले होते. हे माझं. काढा.

मग सगळे एकदम सगळ्यांकडे बघायला लागले.

फिटरनं आपल्या बायकोकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण मला कळलं ते पाहणं. तूच सांगितलंस. विधवा आपल्या लेकाकडे वळली. मी ताईकडे ज्या डोळ्यांनी बुधवारी पाहिलं होतं, तेच डोळे हॉलभर फिरत होते. प्रत्येकाला वाटत होतं आपलंच घर फुटलं.

"तुझं कसं?" फिटर घोषणाकाकांना म्हणाला. "गोणपाट माझा होता."

"तुला कुणी सांगितलं बांधायला?" घोषणाकाकांचा आवाज पहिल्यांदा खाली आलेला मी ऐकला.

"फोरमननं. म्हणाला, राखेत पाय उमटतात. म्हणाला, तू एकटाच आहेस, हे दोघांतच राहील."

"ह्यांनाही तेच म्हणाला होता," विधवा म्हणाली. "तू एकटाच."

एकट्या माणसाच्यानं काचेची भट्टी चव्वेचाळीस दिवस, तिन्ही पाळ्या पेटती राहील का? भट्टीवर काम केलेलं शहर हे. एकाही माणसानं हा साधा विचार एकतीस वर्षांत केला नव्हता. ज्यांनी कोळसा ओढला त्यांनीही नाही. जो तो आपलं पाप झाकण्यात एवढा गुंतलेला, की दुसऱ्याच्या बुटांकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

दिग्दर्शिका बाई उठल्या. त्यांचा चेहरा आता वाचता येत होता. त्या घाबरल्या होत्या. "ही हकिगत एकाच माणसानं सांगितली होती," त्या म्हणाल्या. "आणि तो माणूस उठलेला नाही."

तेव्हा बाबा उठले. काठीवर भार देत, सावकाश.

"मी सांगितली," बाबा म्हणाले. "चार मंगळवार येऊन सांगितली. लायब्ररीत जातो म्हणून." मग माझ्याकडे वळले. "तू कशाला उठलास?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

"मी तुला सांगितलं होतं?"

बापाचं गुपित राखतोय म्हणून छाती काढून उभा राहिलो होतो, आणि बाप ते उघड करायला दाढी करून आला होता.

"बाई," बाबा म्हणाले, "माझं आहे ते. आणि मला ते राहायला हवंय. नाटकात हजेरीबाबूचं नाव कुठे नाही, पण तो आत जात नव्हता एवढं तरी लोकांना दिसू दे."

बाईंनी कुजबुजीकडे पाहिलं. कुजबुजीच्या हातात पेन होतं. नियमात काढा म्हणायची सोय होती, ठेवा म्हणायची नव्हती. ती सोय कुणाला लागेल असं नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नसावं.

"मी मागे घेतो," मी म्हटलं.

"तू घेशील," फिटर म्हणाला. "मी नाही घेत. माझ्या नातवाचं लग्न ठरायचंय." विधवेनंही मान हलवली. तिचा हात अजून वरच होता.

घोषणाकाका उभे होते ते खाली बसले, बस्स.

कुजबुजीनं फुली मारली. कागदावर पेनचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. चार मंगळवार बाबांनी धीर गोळा केला होता. पान गेलं, त्यात माझाही एक हात होता.

लोक पांगले. खरं तर पळाले. नुसतं डोळ्यांत डोळे घालून उभं राहायची कुणाची तयारी नव्हती. उद्यापासून प्रत्येक घरात जुने बूट आठवले जाणार होते, कारण चौघांत मिळूनही भट्टी पेटती राहत नाही. अजून किती बसून राहिले होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

बाबा मात्र जागचे हलले नाहीत. रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये त्यांनी काठीचं टोक घोषणाकाकांच्या खुर्चीला टेकवलं.

"तू कुठल्या पाळीला?"

"सकाळच्या."

"मी दुपारच्या." बाबांनी काठी मागे घेतली. "त्याच्या खिडकीवर पहिला दगड तुझा होता."

"तू ओसरीवर बसून बघत होतास," घोषणाकाका म्हणाले.

"होतो." बाबांनी ते नाकारलं नाही. "तो आहे अजून. पोरीकडे असतो, बसनं दीड तास. मी पत्ता काढलाय. नाटक बघायला चल म्हणून बोलवायला जाणार होतो. आता नाटकात काही राहिलं नाही, तेव्हा तोंडानंच सांगावं लागेल."

"तो दारात उभं करणार नाही."

"न का करेना. बस चारची आहे."

घोषणाकाका तिथेच बसून राहिले. आम्ही निघालो तेव्हा ते समोरच्या रिकाम्या रंगमंचाकडे बघत होते, मी ठोकलेल्या बुटक्या दाराकडे.

चारला दहा कमी असताना मी, ताई आणि बाबा स्टँडवर होतो. ताई मला म्हणाली, "चुकलं माझं, तुझ्यावर घेतलं." मी म्हटलं, "मीही तेच केलं." तेवढ्यावर आमचं मिटलं. बाबांना आम्ही दोघं नको होतो. "माझं मी बघेन," म्हणाले, "तुम्ही फक्त बसमध्ये चढवून द्या."

रस्त्याच्या पलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर घोषणाकाका उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. वेळापत्रकाचा बोर्ड इकडे आणि ते तिकडे, तरी मान वर करून काहीतरी वाचत असल्यासारखे. बाबांनी त्यांना पाहिलं. हाक मारली नाही.

बस आली. बाबांना मी खिडकीशी बसवलं. त्यांनी काठी आणि पिशवी शेजारच्या सीटवर जागा धरल्यासारखी आडवी ठेवली. कंडक्टर जवळ आला. "किती?"

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. बस आणि दुकानाची पायरी यांच्यामधून एक ट्रक चालला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"थांबा जरा," बाबा म्हणाले.